दोन किलवर

अकोल्यातल्या जुन्या ब्रिज खेळणाऱ्यांमध्ये काकाजींचं नाव निघालं की माणसं अजूनही सावरून बसतात. तार ऑफिसातून निवृत्त झालेले, जठारपेठेत वाडा, बारीक आवाज, पान टाकण्याआधी चष्मा कपाळावर नेण्याची सवय. ‘आम्ही काकाजींच्या हाताखाली शिकलो’ असं सांगणारे डॉक्टर, वकील, कृषी विद्यापीठातले प्राध्यापक मला ठाऊक आहेत आणि ते खरंच सांगतात. माझं ऋण त्याच घराचं असलं तरी ते काकाजींचं नाही. मला ब्रिज शिकवला काकूंनी. काकूंचं नाव कोणी घेत नाही, कारण त्या शिकवताहेत असं कोणाला वाटायचंच नाही. त्या गहू निवडत असायच्या आणि समोर पाटावर पत्ते मांडलेले असायचे.

१९८३ साली बँकेत लागलो आणि पहिलीच नेमणूक अकोल्याला झाली. घर अमरावतीला, अंबापेठेत. वडील गेलेले, घरी आई आणि धाकटी बहीण. बडनेऱ्याहून रोज अपडाउन करणारे पुष्कळ होते. गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून बसलेली त्यांची रमी मूर्तिजापूर येईतो रंगात आलेली असे. पण आमच्या शाखेत हिशेब जुळून बाहेर पडेपर्यंत परतीची गाडी निघून गेलेली असायची. म्हणून काकाजींच्या वाड्यातली पुढची खोली भाड्याने घेतली.

वऱ्हाडातला मे ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको की दुपारी बारा ते पाच या वेळात माणूस घराबाहेर काही करू शकत नाही. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, वाळ्याच्या कूलरचा घरभर ओला वास, खिडक्यांवर जाड पडदे. रविवारी अशा दुपारी काकाजींच्या बैठकीत चौघांचा डाव बसे. काकाजी, काकू, शेजारचे डॉक्टर आणि एक प्राध्यापक. मी आलो त्याच उन्हाळ्यात प्राध्यापकांची नागपूरला बदली झाली आणि एक जागा रिकामी पडली.

“बाबू, मेंढीकोट येते का तुले?” काकूंनी दारातूनच विचारलं.

“येतं, काकू.”

“मंग बस. भिडू म्हंजे काय हे ज्याले समजते त्याले बाकीचं शिकवता येते.”

मेंढीकोट मी लहानपणापासून खेळत आलो होतो. आमच्या आळीत त्या खेळात भिडूला खुणा करणं हा अर्धा डाव होता. कान खाजवला की बदाम, नाक पुसलं की इस्पिक. पहिल्याच दिवशी मी सवयीने डॉक्टरांकडे पाहून काहीतरी केलं असावं, कारण काकूंनी हातातली पानं पालथी ठेवली आणि म्हणाल्या, “इथं नाक नाही पुसाचं. इथं तोंडानं बोलाचं, आन चौघाईले आइकू येईन असं बोलाचं.”

ब्रिजचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे, हे कळायला मला काही महिने लागले. एका खेळाडूच्या वाट्याला येणाऱ्या तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून अधिक वेगवेगळे संच होऊ शकतात. त्यातला आपल्याकडे कोणता आला आहे हे भिडूला सांगायचं आणि सांगायला भाषा केवढी? एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंत ३५ बोल्या, शिवाय पास, डबल, रीडबल. सगळे मिळून ३८ शब्द. काकाजी म्हणत, ही तार आहे. शब्दाला पैसे पडतात, तेव्हा जो शब्द टाकाल त्याने दोन शब्दांचं काम केलं पाहिजे. अकोल्याच्या कापूस व्यापाऱ्यांच्या तारा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. ठरवून घेतलेला एक शब्द आणि त्यात भाव, गाठी, मुदत सगळं. फरक इतकाच की व्यापाऱ्याचा शब्द गुप्त असे आणि ब्रिजमधला नसतो. आपल्या बोलीचा अर्थ काय ठरला आहे हे विरुद्ध जोडीने विचारलं तर सांगावंच लागतं. भाषा सांकेतिक, पण चोरटी नाही.

काकाजी असं तत्त्व सांगत आणि पुढच्या डावाकडे वळत. हात धरून शिकवणं काकूंचं. त्यांची शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी वाचता येत नव्हतं. लग्नानंतर काकाजींच्या बदल्या होत गेल्या, आणि परक्या गावात संध्याकाळी काकाजी चार्ल्स गोरेन यांचं जाड पुस्तक मोठ्याने वाचत, मराठीत अर्थ सांगत आणि काकू पाटावर पानं मांडत. त्यातून त्यांनी एक वही केली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार ठेवतात तशी उभी, लांब. बदाम आणि चौकट लाल पेन्सिलीने काढलेले, किलवर आणि इस्पिक शाईने. प्रत्येक पानावर वर एक हात काढलेला आणि खाली एकच प्रश्न. उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “उत्तर लिवलं का मानूस तेच पाहते.”

माझा पहिला प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावरचा होता. भिडूने एक नो ट्रम्प बोललं आहे. तुझ्या हातात चार इस्पिकं आहेत आणि दहा गुण. आता?

ज्याने हा खेळ पाहिला नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. गठ्ठ्यात एकूण चाळीस. नो ट्रम्प म्हणजे हुकमाशिवायचा खेळ. गोरेन यांच्या पद्धतीत एक नो ट्रम्प उघडणारा सोळा ते अठरा गुण आणि सपाट हात सांगतो. आता बहुतेक जण पंधरा ते सतरावर उघडतात. सपाट म्हणजे पानं चारही रंगांत सारखी वाटली गेलेली, ४-३-३-३ किंवा ४-४-३-२ किंवा ५-३-३-२. एका शब्दात इतकं नेमकं सांगणारी दुसरी बोली ब्रिजमध्ये क्वचितच असेल. जोडीचे मिळून पंचवीस-सव्वीस गुण झाले की गेम होण्याजोगा असतो. गेमला शंभर लागतात, आणि मोजायला धरतात ते पहिल्या सहांनंतरचे जिंकलेले हात. किलवर-चौकटीला हाताला वीस, बदाम-इस्पिकला तीस, नो ट्रम्पला पहिल्या हाताला चाळीस आणि पुढे तीस. म्हणजे तीन नो ट्रम्पला नऊ हात करायचे, चार बदाम किंवा चार इस्पिकला दहा. दहा गुण हातात असलेला नवशिका बेरीज करतो, सव्वीस ते अठ्ठावीस, आणि सरळ तीन नो ट्रम्प बोलून मोकळा होतो. नऊ हात दहापेक्षा सोपे, हे कोणालाही पटतं.

काकू तिथे अडवायच्या. “आपल्या हातात काय हाये ते आपल्याले दिसते. समोरच्याच्या हातात चार इस्पिकं हायेत का नाही हे इचारल्याबिगर कसं समजन?”

विचारायचं ते दोन किलवर बोलून. या बोलीत किलवरचा काही संबंध नसतो. भिडू, तुझ्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का, एवढाच तिचा अर्थ. नसतील तर तो दोन चौकट म्हणतो. बदाम असतील तर दोन बदाम, आणि त्याच्याकडे इस्पिकही चार असू शकतात. फक्त इस्पिक असतील तर दोन इस्पिक. त्याने बदाम सांगितले आणि आपल्याकडे इस्पिक असले तरी वाट बंद होत नाही. आपण नो ट्रम्पवर परत गेलो की त्याला कळतं, हा बदामासाठी विचारत नव्हता, मग इस्पिकासाठीच विचारत असणार. त्याच्याकडे दोन्ही असतील तर तो इस्पिकवर येतो. तीन-चार शब्दांत दोन माणसं एकमेकांचे रंग शोधून काढतात आणि कुठेही मागे फिरावं लागत नाही.

आणि शोधायचे कशासाठी? आठ पानांसाठी. चार आणि चार. दोघांची मिळून आठ झाली की विरुद्ध बाजूकडे त्या रंगाची पाचच पानं उरतात, आणि शंभरात अडुसष्ट वेळा ती तीन-दोन अशी वाटलेली असतात. तीन फेऱ्यांत त्यांचे हुकूम संपतात आणि आपल्याकडे प्रत्येकी एक उरतो, इकडेही मारता येतो, तिकडेही. म्हणून चार-चारचा रंग पुष्कळदा पाच-तीनपेक्षाही एक हात जास्त देतो. नो ट्रम्पमध्ये एखादा रंग उघडा पडला की तो अडवायला काही नसतं. हुकूम असला की तिसऱ्या फेरीला कुंपण आडवं येतं.

हे सगळं काकूंनी एका दुपारी सांगितलं असं नाही. एक हात मांडायच्या, सूप हलवत राहायच्या, खडा सापडला की बाजूला टाकायच्या, आणि मी बोललो की फक्त “काहून?” म्हणायच्या. मी कारण सांगायचो. कारण बरोबर असलं तर पुढचा हात. चूक असलं तर पुन्हा “काहून?” त्यांच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द मी ऐकला नाही. बँकेत वरिष्ठांची खेकसणी ऐकून आलेल्या माणसाला त्या एका प्रश्नाने केवढा धीर दिला, ते त्यांना सांगायचं राहून गेलं.

दोन किलवर त्या कधी चढ्या सुरात बोलल्या नाहीत, की ओढून बोलल्या नाहीत. तेव्हा आमच्याकडे बोलीच्या कार्डांच्या पेट्या आल्या नव्हत्या. सगळं तोंडाने चाले. हात चांगला असला की माणसाचा आवाज आपोआप भरतो, पडका असला की रेंगाळतो, आणि भिडूने त्यावरून काही ताडणं हा नियमभंग आहे. काकू एक्के चार असले तरी आणि एकही नसला तरी त्याच पट्टीत “दोन किलवर” म्हणत. डॉक्टर सांगत, यांच्या आवाजावरून मला आजवर एक पान कळलेलं नाही.

अमरावतीच्या क्लबाशी आमचा मैत्रीचा सामना ठरला तो १९८४ च्या थंडीत. चौघांचा संघ. एकच वाटप दोन खोल्यांत खेळलं जातं. एका खोलीत आमची जोडी उत्तर-दक्षिण, दुसऱ्या खोलीत त्याच पानांवर त्यांची. पानं खाचांच्या पाटीत घालून इकडून तिकडे नेतात. नशिबाचा वाटा त्यामुळे जवळजवळ निघून जातो. तुमच्याकडे आली ती पानं त्यांच्याकडेही आली, आता कोण कसं बोललं ते बोला. कॅम्पातल्या त्या जुन्या बैठ्या इमारतीत स्पर्धेला बसलेल्या काकू एकट्याच बाई होत्या. पांढरी सुती साडी, खांद्यावर शाल, समोर काकाजी. मी आणि डॉक्टर दुसऱ्या खोलीत पूर्व-पश्चिम.

त्या डावाची पानं मला आजही तोंडपाठ आहेत. उत्तरेकडे इस्पिकात राजा, राणी, सत्ती, तिर्री. बदामात एक्का, अठ्ठी. चौकटीत राजा, गुलाम, छक्की, दुर्री. किलवरात एक्का, नव्वी, चौकी. सतरा गुण, एक नो ट्रम्प. दक्षिणेकडे इस्पिकात एक्का, गुलाम, अठ्ठी, चौकी. बदामाची छक्की, पंजी. चौकटीत राणी, दश्शी, पंजी. किलवरात राजा, अठ्ठी, छक्की, दुर्री. दहा गुण.

आमच्या खोलीत यजमानांनी बोली पटकन उरकली. एक नो ट्रम्प, तीन नो ट्रम्प, सगळे पास. उतारी माझी होती. माझ्याकडे बदामाची पाच पानं होती, राजा, राणी, दश्शी, सत्ती, तिर्री. मी राजा टाकला. खेळणाऱ्या यजमानाने तो सोडला. मी पुन्हा बदाम खेळलो, डॉक्टरांच्या गुलामावर त्याचा एक्का पडला. आता त्याच्याकडे इस्पिकचे चार, बदामाचा झालेला एक आणि किलवरचे दोन, असे सात हात होते. नऊ करायला चौकट उभी करावी लागणार होती आणि चौकटीचा एक्का डॉक्टरांकडे होता. डॉक्टरांनी एक्का घेतला, बदाम परत केला, आणि मी तीन बदाम ओढले. पहिला एक, चौकटीचा एक, हे तीन. पाच हात आमचे. एक कमी.

दुसऱ्या खोलीत काय झालं ते जेवणाच्या सुट्टीत कळलं. काकाजी एक नो ट्रम्प. काकू दोन किलवर. काकाजी दोन इस्पिक. काकू चार इस्पिक. काकूंनी डमी म्हणून आपली पानं उघडी मांडली, हुकूम काकाजींच्या डाव्या हाताला. विरुद्ध बाजूनेही बदामच उतरवला, पण आता बदामाचा एकच हात जाणार होता. एक बदाम, एक चौकट, एक किलवर. बाकीचे दहा आमचे. तीच सव्वीस पानं. तिकडे ४२० मिळाले, इकडे यजमान ५० ला पडले, दोन्ही मिळून ४७०, संघाच्या मोजणीत दहा गुण. सामना आम्ही थोडक्यात जिंकलो आणि त्या थोडक्यात हे दहा होते.

अमरावतीची माणसं मोठ्या मनाची. त्यांच्यातले एक वयस्क वकील उठून काकाजींकडे आले आणि हात जोडून म्हणाले, “काय बोली केली काकाजी, सुरेख.” काकाजी म्हणाले, “मी नुसतं विचारलं त्याचं उत्तर दिलं. विचारलं यांनी.” वकिलांनी मान डोलावली आणि काकाजींनाच पुढचा प्रश्न विचारला. काकू शेजारी उभ्या राहून शाल नीट करत होत्या. माझ्या आत काहीतरी तुटलं तेव्हा, ते अजून तसंच आहे.

पुढे मला या बोलीचा इतिहास वाचायला मिळाला तेव्हा ती दुपार पुन्हा समोर आली. सगळं जग या बोलीला ‘स्टेमन’ म्हणतं, कारण सॅम स्टेमन यांनी जून १९४५ च्या ‘द ब्रिज वर्ल्ड’मध्ये तिच्यावर लेख लिहिला. बोली त्यांची नव्हती. ती त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांनी बसवली होती. तिकडे इंग्लंडमध्ये जॅक मार्क्स यांना तीच कल्पना स्वतंत्रपणे १९३९ च्या सुमारास सुचली होती, पण मध्ये महायुद्ध आलं आणि त्यांचं लिखाण १९४६ मध्ये छापून आलं. ज्याने लिहिलं त्याचं नाव लागलं. स्टेमन आणि रापे यांचं त्यावरून बिनसलं नाही. १९५० मध्ये पहिला बर्म्युडा बाउल जिंकणाऱ्या अमेरिकन संघात दोघं होते, गोरेनही होते. रापे यांना याचं काय वाटत असेल हे मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “त्याले डाव भेटत व्हता ना? मंग झालं.” मला तेव्हा हे उत्तर पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, म्हणून तर हे लिहितो आहे.

ब्रिज मला येतो याचं ऋण वेगळं. त्याहून मोठं एक आहे. १९८५ चा उन्हाळा. बहीण बारावी झाली होती आणि यवतमाळचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, मुलगा नोकरीत, हुंड्याची गोष्ट नाही. वडिलांच्या जागी मी. बेरीज सरळ होती. होकाराचं पत्र लिहून पाकिटात घातलं होतं आणि संध्याकाळी पेटीत टाकणार होतो. काकूंना आनंदाने सांगायला स्वयंपाकघरात गेलो. त्या पाटोड्या थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं, स्थळाचं कौतुकही केलं, आणि मग विचारलं, “तिले इचारलं का?”

मी म्हणालो, “ती नाही कशाला म्हणेल?”

“ते नाही म्हणत मी. तिच्यापाशी काय हाये ते तुले मालूम हाये का?”

त्या शनिवारी मी अमरावतीला गेलो. बहिणीला गच्चीवर नेऊन विचारलं. विचारलं म्हणजे खरंच विचारलं, उत्तर आधी मनात न धरता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दादा, मला शेतकीला जायचं आहे, अकोल्याच्या विद्यापीठात. तू रागवशील म्हणून अर्ज आईजवळ लपवून ठेवला आहे. आमच्या घरात शेतीही नव्हती. हे तिच्या मनात आहे याचा मला वाससुद्धा नव्हता. पाकीट मी फाडलं. ती पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकली, कापसावर काम केलं आणि आता निवृत्त झाली आहे. शिकत असताना तिला वसतिगृहात जागा मिळाली नाही त्या वर्षी ती काकूंकडेच राहिली, आणि काकूंनी तिलाही समोर पाट मांडून बसवलं. आज माझ्याहून ती चांगली खेळते.

काकू थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. साठीनंतर त्यांनी ट्रान्स्फर शिकून घेतले. डॉक्टरांनी मुंबईहून एक पुस्तिका आणली होती, ती मी वाचून दाखवली. पाच बदाम असतील तर दोन चौकट बोलायचं, पाच इस्पिक असतील तर दोन बदाम. भिडू आपोआप वरचा रंग बोलतो आणि खेळणारा तोच होतो. ताकदीचा हात झाकलेला राहतो, उतारी त्याच्याकडे चालून येते, दुबळा हात डमी म्हणून उघडा पडतो. ऑस्वाल्ड जॅकोबी यांनी १९५६ मध्ये यावर लेख लिहिला आणि त्यांचं नाव लागलं. स्वीडनमध्ये ओले विलनर यांनी त्याआधीच ही पद्धत मांडली होती. काकूंना हा प्रकार फार आवडला. वहीत चार नवी पानं झाली.

त्यांचा खरा जीव मात्र पडक्या हातावर होता. हातात एकही मोठं पान नाही, किलवरचं एकच, बाकी तिन्ही रंग चार-चार. भिडूने एक नो ट्रम्प उघडलं आहे आणि आपल्याकडे त्याला द्यायला काही नाही. नवशिका खालमानेने पास करतो आणि भिडू एकटा सात हात करताना बुडतो. काकू तिथे दोन किलवर बोलत आणि जे उत्तर येईल त्यावर पास करत. बदाम, इस्पिक, चौकट, काहीही आलं तरी नो ट्रम्पपेक्षा ते बरं. “गरिबाच्यानंबी इचाराव,” त्या म्हणत. “गरिबाले तं इचारलंच पायजे.”

२०१८ च्या सप्टेंबरात जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण मिळवलं. बर्धन साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्नचे. सांघिक प्रकारांत भारताला दोन कांस्यपदकं मिळाली. टीव्हीवर पहिल्यांदाच ब्रिजचं टेबल दिसलं आणि अमरावतीत माझ्या ओळखीच्या लोकांनी फोन करून विचारलं, हाच का तुमचा तो पत्त्यांचा खेळ? काकू तोवर राहिल्या नव्हत्या, काकाजी त्यांच्याही आधी गेले होते. अकोल्याहून डॉक्टरांचा फोन आला. आम्ही दोघंही बराच वेळ काकूंबद्दलच बोललो.

आता अमरावतीत आमच्या घरी रविवारी डाव बसतो. बहीण अकोल्याहून येते. ती जेवणाच्या आधी पोहोचते आणि पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढते. वही तिच्याकडे आहे, आणि ती तिच्याकडेच असावी असं मला वाटतं. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात करून देतो आणि ही वही कोणाची ते त्यांच्या पूर्ण नावानिशी सांगतो.

वहीच्या शेवटच्या पानावरचा प्रश्न मात्र माझा आणि काकूंचा कधी मिटला नाही. हातात चार इस्पिक आहेत, पण बाकीचे रंग तीन-तीन-तीन. विचारायचं का? माझं म्हणणं, नाही. अशा सपाट हातात मारायला जागाच नसते, हुकूम असून एक हात वाढत नाही, मग नऊचे दहा कशाला करायचे? मोठमोठ्या खेळाडूंतही यावर दोन तट आहेत. काकू शेवटपर्यंत दुसऱ्या तटात राहिल्या. “तुहा हात सपाट हाये. भिडूचा सपाट हाये हे तुले कोनं सांगतलं?”

गेल्या दिवाळीनंतर असाच हात आला. समोर बहीण. तिने एक नो ट्रम्प उघडलं, मी माझ्या मताप्रमाणे तीन नो ट्रम्प बोललो, आणि तिने नऊ हात केले. ४०० गुण. डाव संपल्यावर तिने तिची पानं टेबलावर सरळ मांडली. चार इस्पिक आणि बदामाची दोनच. आम्ही चौघांनी तोच डाव चार इस्पिकवर पान न् पान लावून पाहिला, दहा होत होते, ४२०. वीस गुणांचा फरक. बहीण म्हणाली, दादा, हा काकूंच्या बाजूने लिही. वहीच्या त्या पानावर दोन रकाने आहेत, एक त्यांचा, एक माझा. मी त्यांच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि नवा डाव वाटायला घेतला.